येतानाचं पळणं

भाजीबाजारात वळू उधळला त्या संध्याकाळी प्रसेनजित ताजणे कित्येक वर्षांनी पळाला. पळायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. वांगी तोलून झाली होती, मेथीची जुडी हातात होती, आणि घरी मिरच्या आहेत की संपल्या हे आठवत तो उभा होता. तेवढ्यात मागे ‘सरका, सरका’ असा गलका झाला, टमाट्यांचं एक कॅरेट रस्त्यावर लोळलं, कुणाची तरी स्कुटी आडवी झाली, आणि दोन हातगाड्यांच्या मधून एक काळसर वशिंड डुलत येताना दिसलं. त्यानंतरचं त्याला सलग आठवत नाही. पाय आपापले निघाले. ऑफिसचे बूट, इस्त्रीची पँट, पोट, खिशातल्या किल्ल्या, सगळं त्या पायांच्या मागे ओढत गेलं. कापडाच्या दुकानांपुढून, एका म्हातारीने भाजी मांडलेल्या चवाळ्यावरून उडी मारून तो धावत गेला आणि बंद असलेल्या एका मेडिकलच्या पायऱ्यांवर चढून उभा राहिला. वळू कधीच दुसऱ्या गल्लीत वळला होता. “साहेब, तो तं तिकडं गेला!” खालून एक पानवाला ओरडला आणि चारदोन माणसं हसली. प्रसेनजितही हसला. छाती भात्यासारखी हलत होती, कानशिलं तापली होती, हातातल्या मेथीची अर्धी पानं गळून गेली होती, आणि तो हसत होता. हसू ओसरल्यावर त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. छातीवरचं ते नव्हतं.

ते म्हणजे काय, हे त्याला कुणाला सांगता आलं नसतं. गेल्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून कधीतरी ते येऊन बसलं होतं. दुखणं नव्हतं. डॉक्टरने कानाला नळ्या लावून ऐकलं, रक्त तपासलं, शुगर काठावर आहे म्हणाला, जरा फिरत जा म्हणाला. दुःखही म्हणावं तर कारण नव्हतं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, वाशिममध्ये स्वतःचं दोन खोल्या वर चढवलेलं घर, लेक सायली नागपूरला नर्सिंग शिकायला, बायको सपना अंगणवाडीची पर्यवेक्षिका, वडील गोविंदा अठ्ठ्याहत्तरीतही दातांनी भाकर खाणारे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचं दुःख आता जुन्या शालीसारखं मऊ झालं होतं. तरी सकाळी डोळे उघडले की छातीवर एक ओला बारदाना टाकल्यासारखं वाटायचं. तो तसाच उठायचा, दात घासायचा, ऑफिसात जाऊन संगणकावर रस्त्यांच्या रेघा ओढायचा. मानोऱ्याकडच्या तांड्याला जोडणारा रस्ता, केनवडच्या बाजाराकडे जाणारा रस्ता. रेघ ओढताना कधीकधी त्याला वाटायचं की या रस्त्यावरून जाणारं माणूस कोण असेल. मग तेही वाटेनासं झालं. “काय होऊन राह्यलं तुमाले?” सपना विचारायची. “काई नाई,” तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं, म्हणूनच त्याला त्याची भीती वाटायची. आणि आज एका उधळलेल्या जनावराने तो बारदाना उचलून नेला होता. घरी जाईपर्यंत तो परत आला हे खरं, पण मधे थोडा वेळ तो नव्हता, आणि तेवढ्या वेळात संध्याकाळ किती मोठी होती, तळणाचा वास कसा दुरून येत होता, हे त्याला नीट कळलं होतं. सपनाला त्याने वळूची गोष्ट सांगितली. आपण हसलो हे सांगितलं नाही. ते एकट्याचं ठेवावंसं वाटलं.

रात्री जेवणानंतर तो आठवू लागला, याआधी आपण कधी पळालो होतो? एसटीमागे पळालो असू. ते पळणं वेगळं, त्यात जीव पुढे गेलेला असतो आणि शरीर त्याच्या मागे फरपटतं. लहानपणी गावात टायर घेऊन पळायचो. त्याला टायर दिसला, टायरमागची काठी दिसली, धूळ दिसली. पळणारा मुलगा दिसेना. कारण तो आत होता, बाहेरून बघायला कुणी नव्हतंच. मग पुढे अकोल्याचं वसतिगृह, पदविका, नोकरी, लग्न. या सगळ्यात केव्हातरी एक दिवस असा गेला असणार की त्या दिवशी आपण शेवटचं पळालो, आणि तेव्हा ते माहीत नव्हतं. पोराला उचलून घ्यायचंही असंच कधीतरी शेवटचं होतं. सायलीला त्याने शेवटचं कडेवर कधी घेतलं? असले विचार एरवी त्याला खाली ओढत. आज मात्र त्यांच्या तळाशी पायांची हालचाल होती. पोटऱ्या दुखत होत्या. दुखणं त्याला आवडलं.

दोन दिवसांनी त्याने बूट आणले आणि पहाटे, सपना अजून झोपेत असताना, दार लोटून बाहेर पडला. गल्लीत पळायची त्याला लाज वाटली. विहारापुढच्या नळावर बाया भांडी लावून उभ्या होत्या, त्यांच्यापुढून तो कुठल्यातरी कामाला निघाल्यासारखा चालत गेला. रिसोड नाका मागे पडला, घरं विरळ झाली, दिव्यांचे खांब संपले, तेव्हा कुठे त्याने इकडेतिकडे पाहून पाय उचलले. पहिल्या वळणापर्यंतच श्वास घशात अडकला. पोट खालीवर होत होतं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं आणि त्याने फक्त सांभाळायला घेतलं होतं. तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकले, चालला, पुन्हा पळाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली रानं होती, तुरी मात्र उभ्या होत्या, आणि थंडीत ओल्या मातीचा वास जमिनीलगतच तरंगत होता. रस्त्याला लागून एक भाजीचं वावर होतं. तिथे डोक्याला फडकं गुंडाळलेली एक बाई वाकून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. ती उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

“काय जी भाऊ, कोनी मांगं लागलं काय?”

त्याला बोलायला श्वास नव्हता. त्याने हात हलवला.

“मंग पयता कायले?” बाई म्हणाली आणि आपल्याच प्रश्नाला हसून पुन्हा वाकली.

पुढे रोजची ओळख झाली. तिचं नाव प्रयागबाई. तिला उत्तर हवंच होतं असं नाही. पण त्या पहिल्या दिवशी परतताना तिचा प्रश्न त्याच्या पायांच्या तालावर आपोआप बसला, मंग पयता कायले, मंग पयता कायले, आणि त्या तालात तो नाका ओलांडून, विहारापुढून, बायांपुढून, लाज विसरून थेट घरापर्यंत पळत आला. बारदाना नव्हता. फाटक त्याने जोरात ढकललं.

वऱ्हांड्यात वडील चहाची कपबशी घेऊन बसले होते. त्यांनी तो पळत येताना ऐकला असावा, कारण ते आधीच उठून उभे होते. बशी हातात तिरकी झाली होती आणि चहा धोतरावर सांडत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते प्रसेनजितने कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

“कोन गेलं?” ते म्हणाले.

“कोनी नाई, बाबा. मी पयाले गेलतो.”

“पयाले? कायले?”

“तब्येतीसाठी. डॉक्टरनं सांगतलं ना.”

वडील खाली बसले. बशी त्यांनी फार काळजीपूर्वक जमिनीवर ठेवली. “पयत घरी येत जाऊ नको,” एवढं ते म्हणाले आणि आत गेले. त्या सकाळी त्यांनी नाश्ता केला नाही.

गोविंदा ताजणे आयुष्यात कधी घाई करताना दिसले नव्हते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांनी नोकरी काढली, पण एसटी पकडायला ते कधी धावले नाहीत. बस निघायच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसायचे, आणि सुटलीच तर ‘दुसरी येते’ म्हणायचे. पांढरा सदरा, कडक इस्त्री, सरळ पाठ. लहानपणी प्रसेनजितला त्यांच्याबरोबर चालायचा कंटाळा यायचा. हा माणूस रस्ता मोजत चालतो असं वाटायचं. त्या दिवशी ऑफिसात रेघा ओढताओढता त्याला आईचा आवाज आठवला. आई, भागिरथा, तूर निवडत बसलेली, आणि तो तिच्याजवळ पुस्तक घेऊन. तिने सांगितलं होतं, “तुहा आजा भिवाजी हरनासारका पयाचा म्हने. पन ते पयनं गावाचं होतं, आपलं नव्हतं.” गावात कुणी मेलं की पाटलाच्या वाड्यावरून बोलावणं यायचं, आणि आज्याने पलीकडच्या गावातल्या सोयऱ्यांना खबर पोचवायची. ऊन असो, चिखल असो, घरात लेकरू तापाने फणफणत असो. वस्तीच्या माणसांवर गावकीची जी कामं होती त्यातलं ते एक. छप्पन साली धर्मांतर झालं, नि पुढच्या सालात वस्तीनं बसून ठरवलं की ही कामं बंद. आज्यानंही त्या दिवसापासून सोडलं. आईने हे सांगून तुरीचं सूप पाखडलं होतं आणि म्हटलं होतं, “तुह्या बापाजवळ नोको काढू हे.” त्याने कधी काढलं नाही. शाळेच्या पुस्तकातल्या इतिहासासारखं ते त्याच्या डोक्यात एका कोपऱ्यात नीट राहिलं होतं. आता ते उठून वऱ्हांड्यात उभं राहिलं होतं आणि त्याच्या हातातली बशी तिरकी झाली होती.

मग त्याने असं केलं की नाक्यापासून घरापर्यंत चालत यायचं. बूट वऱ्हांड्यात न ठेवता मागच्या दाराशी ठेवायचे. पळणं चालू राहिलं, पण त्यात चोरी शिरली. दिवाळी गेली, थंडी पडली. शरीर हळूहळू कह्यात येत होतं. पूर्वी जिथे थांबावं लागायचं ते बाभळीचं वळण आता लक्षातही येईना. झोप यायला लागली, खरी, गाढ, उशीवर डोकं टेकताच. भूक लागायची. सपना म्हणाली, तुमी अंघोळीत गाणं म्हणता, तुमाले मालूम हाय का? त्याला माहीत नव्हतं. ऑफिसात त्याने एका रस्त्याच्या नकाशावर कडेला झाडं काढली. गरज नव्हती, त्याला काढावीशी वाटली. पहाटेच्या धुक्यात पळताना स्वतःच्या श्वासाचा आवाज त्याला सोबतीसारखा वाटे, आणि काही वेळाने तोही ऐकू येईनासा होई. तेव्हा फक्त थंड हवा, पायाखालची किंचित उतरण आणि तुरीच्या शेंगांचा हिरवा वास उरे. असा एखादा पट्टा रोज यायचा. तो बोलावून येत नसे. त्या पट्ट्यात त्याला नाव नसे, वय नसे. पण तो संपला की आज्याचा विचार सुरू होई. आज्याच्या पायात काय असेल? काही नसेल. आज्याला त्याने पाहिलं नव्हतं. फोटोही नव्हता. आई म्हणायची, तुह्या पोटऱ्या त्याच्या हायत. पळताना तो खाली वाकून बघू शकत नसे, पण पोटऱ्यांची ओढ आतून कळे, आणि वाटे की या आपल्या नाहीतच, उसन्या आहेत. ज्या माणसाला या पायांनी दुसऱ्यांच्या मरणाची खबर न्यावी लागली, त्याचेच पाय महागाचे बूट घालून शुगरसाठी पळतायत. यात काही वाईट आहे का? त्याला ठरवता येईना. बरं आहे का? तेही ठरेना. आपल्यासारख्यांनी मान वर करून चालावं म्हणून वडील जन्मभर सावकाश चालले होते, आणि आपण त्यांच्या पाठीमागे, मागच्या दाराने पळतोय.

एका सकाळी मागच्या दाराशी बूट नव्हते. ते वऱ्हांड्यात होते, धुतलेले, उन्हात उपडे घातलेले. वडील पेपर वाचत होते.

“चिखल लागलता,” ते पेपरमधूनच म्हणाले. मग त्यांनी पान उलटलं. “रोज जातं तू. मले ऐकू येते.”

“हो.”

“लोकं पायतात?”

“एखादंदोन. वावरातले.”

“अन काय म्हनतात?”

“काई नाई. विचारतात, कायले पयता.”

वडिलांनी पेपरची घडी घातली. “आमी ते सोडलं बाबू,” ते म्हणाले. रागाने नाही. एखादी जागा दाखवावी तसं.

दुसऱ्या दिवसापासून प्रसेनजित गेला नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण पहाटे जाग आली तरी त्याला वडिलांचा तो आवाज ऐकू येई आणि तो कूस बदलून पडून राही. पहिले काही दिवस त्यातही एक चांगुलपणाचं समाधान होतं. नंतर ते आटलं. बारदाना एकदम आला नाही, भिंतीतून ओल यावी तसा आला. एका सकाळी कोपरा ओला, मग हातभर जागा. गाणं बंद झालं ते सपनाने सांगितलं नाही, पण तिच्या वावरण्यातून त्याला कळलं. ती त्याच्याकडे पुन्हा त्या जुन्या, जपणाऱ्या नजरेने बघू लागली होती. त्याला वाटलं, हे असंच असेल. पट्टा होता, संपला. सगळ्यांना थोडीच मिळतो.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. तो आतल्या खोलीत कपाट आवरत होता आणि सपना वऱ्हांड्यात वडिलांना दूध द्यायला गेली होती. ती परत आली नाही. मग तिचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा जरा वरचा.

“मामाजी, एक बोलू का? राग नोका मानू.”

“बोल ना.”

“तुमी त्याइले काय बोलले मले मालूम नाई. पन वर्षभर हा मानूस घरात असून नव्हता. मी रोज पायत होती. जेवत होता, झोपत होता, पन नव्हता. सायली फोनवर विचारायची, आई, बाबाले काय झालं? मी काय सांगू? मंग हे पयाले लागले अन मानूस परत आला मामाजी. आता पुन्हा तसंच होऊन राह्यलं.” तिचा आवाज खाली आला. “मले भेव वाटते.”

 पेल्याचा आवाज आला. प्रसेनजित कपाटाचं दार धरून तसाच उभा होता. आपल्याबद्दल कुणीतरी इतकं नीट पाहिलं होतं याची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली काहीतरी ऊबदारही वाटलं. तो बाहेर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनीच त्याला उठवलं. बाहेर अजून उजाडायचं होतं. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी. “चाल,” ते म्हणाले, “मी नाक्यालोक येतो.” दोघं गल्लीतून निघाले. वडिलांची चाल तीच, सावकाश, सरळ पाठीची. विहारापुढे त्यांनी क्षणभर थांबून हात जोडले. नाक्यावरच्या चहाच्या टपरीचा स्टोव्ह नुकता पेटला होता. पुढच्या बाकड्यावर ते बसले, प्रसेनजितलाही बसवलं, आणि रस्त्याकडे बघत बोलू लागले.

“माहा बाप मले एकडाव संगं घेऊन गेलता. मी सातआठ वर्साचा असन. बिमार होती माही माय, घरी ठेवाले कोनी नव्हतं, म्हून नेलं. चैताचं ऊन. पाटलाची आत्या मेलती, पलीकडच्या गावी खबर द्याची होती. आमी गेलो. घराच्या भाईर, लय दूर, हुबं राह्यलो. बापानं आवाज देला. सांगतलं. आतून बाया रडाले लागल्या. एक जन भाईर आला अन माह्या बापालेच शिव्या देल्या, जसं यानंच मारलं. पानी मांगतलं तं म्हने नदीवर जा.” वडिलांनी शाल सारखी केली. “हे मी तुह्या मायले सांगतलतं. तिनं तुले सांगतलं असन.”

“थोडं.”

“याच्या पुढचं तिलेबी नाई सांगतलं. कोनालेच नाई.” टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. वडिलांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. “गावाच्या भाईर आलो. नाल्याचा उतार हाय तिथं. बापानं मांगं पायलं, कोनी नाई. मले म्हने, गोविंदा, पयतं का? अन पयाले लागला. काई काम नाई, खबर नाई, कोनी बलावलं नाई. धोतर वर खोचलं अन असा पयाला, असा पयाला का मले वाटलं आता उडते. मी मांगून. मी थकलो तं मले खांद्यावर घेतलं अन तसाच पयाला. तोंडानं आवाज काढे, हुर्र करून, जसं बैल हाकते. हासत होता. माहा बाप हासतानी मी तवाच पायला.” त्यांनी कप बोटांत फिरवला. “दर येळेस तो येतानी असाच येत असन. मले काय मालूम. जातानी गावाचं पयनं, येतानी त्याचं सोताचं.”

प्रसेनजितच्या हातातला कप पोळत होता. तो त्याने खाली ठेवला नाही.

“मंग आमी सोडलं सारं. चांगलं झालं सोडलं. पन बाप पुन्हा कदी पयाला नाई. लोकं पायतीन ना. म्हनतीन, पाय, याले तं आवडतेच ते काम.” वडिलांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. “त्याच्यात मजा होती हे कोनाले सांगाव रे? सांगतलं असतं तं त्याइच्याच कामाले आलं असतं. म्हून मी दाबून ठेवलं. इतकं दाबलं का मले आठोतच नव्हतं. काल तुही बायको बोलली अन रातभर मले तो उतार दिसला.”

ते चहा प्याले, एका घोटात, थंड झालेला. “जाय आता,” ते म्हणाले. “ऊन निंगते.”

प्रसेनजित गेला. बाभळीच्या वळणापर्यंत त्याला काही दिसत नव्हतं, धुकं होतं की डोळ्यांत पाणी होतं ते त्यालाही कळलं नाही. प्रयागबाई कोबीत उभी होती. “आले का भाऊ! मी म्हनलं बिमार पडले का काय,” ती ओरडली. त्याने हात वर केला. पोटऱ्या नेहमीसारख्याच ओढत होत्या. त्या कुणाच्या, हा प्रश्न त्या दिवशी त्याला पडला नाही.

फेब्रुवारीत, हरभरा भरला तेव्हा, वडिलांची धाकटी बहीण भुरीबाई हिचा फोन आला की ओला हरभरा भाजून खायला या. भुरीआत्या दिली होती ती आजा खबर घेऊन जायचा त्याच पलीकडच्या गावात. वडिलांनी हे इतक्या सहज सांगितलं की प्रसेनजितला लक्षात यायला वेळ लागला. रविवारी तिघं एसटीने मेडशीला उतरले आणि ऑटो केला. वाटेत त्यांचं जुनं गाव लागलं. आता तिथे त्यांचं कुणी नव्हतं. वस्तीतली बरीच घरं पक्की झाली होती, एक निळी कमान होती, पाण्याची टाकी होती. वडिलांनी ऑटो थांबवायला लावला.

“ही वाट,” ते म्हणाले. डांबरी रस्ता सोडून एक पांदण हरभऱ्याच्या रानांतून गेली होती. “इकडून जवळ पडते. आमी रोडनं जातो. तू ये.”

“आत्ता? असा?”

“बूट तं घातलेच हायत,” सपना म्हणाली. तिला हे आधीच माहीत होतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

ऑटो गेला. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला. ऑफिसात त्याने असे कितीतरी रस्ते काढले होते, पण ही पांदण कोणत्याच नकाशावर त्याच्या हातून गेली नव्हती. तो निघाला. सुरुवातीला त्याने मुद्दाम आज्याला आठवायचा प्रयत्न केला, अनवाणी पाय, ऊन, कमरेला भाकर. पण वाट खडबडीत होती, चाकोऱ्यांत पाय मुरगळायची भीती होती, बघून पळावं लागत होतं, आणि हळूहळू आजा मागे राहिला. हरभऱ्याची आंब हवेत होती, ओठांवर आंबट लागत होती. एका बांधावर दोन म्हशी त्याला बघून थांबल्या. नाल्याचा उतार आला. तो त्याने कल्पनेत फार मोठा केला होता. खरा अगदी साधा होता, खाली थोडं पाणी, चार दगड. तरी तिथे पाय आपोआप लांब पडू लागले, वारा कानांत शिरला, आणि तोंडातून एक आवाज निघाला, कसला ते त्यालाही माहीत नव्हतं. पाणी उडालं. चढावर श्वास तुटला, तो चालला नाही, नुसता हळू झाला, मग पुन्हा सापडला. पुढे गावाची पहिली घरं दिसली.

गावात शिरताना मारुतीच्या पारापाशी एक चहाचं दुकान होतं. बाहेर पाचसहा माणसं बसली होती, आणि त्यांच्यात, मधोमध, खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यात वडील. हातात काचेचा ग्लास. प्रसेनजितला ते दुरूनच दिसले, आणि त्यांच्याशेजारचा, मोठ्या फेट्याचा एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून वाटेकडे बघताना दिसला.

“कोन व्हय तो?” म्हाताऱ्याचा आवाज आला. “कायले पयून राह्यला एवढ्या उन्हाचा?”

“माहा पोरगा हाय,” वडील म्हणाले. त्यांनी ग्लासातला घोट घेतला, सावकाश. “त्याची मर्जी.”

प्रसेनजित त्यांच्यापुढून गेला. थांबायचं त्याच्या मनात होतं, आत्याचं घर डाव्या हाताला होतं, दारात सपना उभी होती, चुलीचा धूर दिसत होता. पण पायांत अजून होतं. शाळा गेली, हातपंप गेला, शेवटचं घर गेलं, आणि मागून वडिलांची हाक आली, इतकी मोठी की आजवर त्याने त्यांना कधी एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं:

“अरे थांब ना, गाव सरलं!”